चौथी वाटणी

आमच्या पणजोबांना चार मुलगे. सातबाऱ्यावर नावं आली तिघांचीच. गडहिंग्लज तालुक्यातलं आमचं गाव. हिरण्यकेशीच्या काठाला थोडी बागायत आणि वर माळाला थोडी जिराईत, एवढीच जमीन. ती तिघांत वाटली गेली. चौथा मुलगा यल्लम्माला सोडलेला होता, आणि देवीला सोडलेल्याला वाटणी नसते, हे तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. कुणी कुणाला फसवलं, असं त्यात कुणालाच वाटलं नाही.

ही हकीकत मला आजीनं सांगितली. ती मधल्या भावाची बायको, म्हणजे त्या चौथ्याची वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा हा धाकटा दीर घरात होता, तिच्याबरोबर जात्याला हात लावत होता. पुढं दोन-तीन वर्षांत तो घराबाहेर गेला आणि गावानं त्याला आक्का म्हणायला सुरुवात केली. आजीही आक्काच म्हणायची. मीही तसंच लिहितो.

"ती ल्हानपणापास्नंच न्यारी हुती," आजी सांगायची. "पोरांच्यात रमायची न्हाई. माझ्यासंगं दळायला बसायची. मला चार ओव्या येत असतील, तर तिला चाळीस यायच्या. सासूबाईंचं लुगडं नेसून बगायची. मामंजींनी लई मारलं. मारून कुटं काय हुतंय?"

मग केसांत गुंता झाला. तेल लावून, कंगवा घालून सुटेना. शेजारगावच्या, यल्लम्माला सोडलेल्या जोगत्यानं पाहिलं आणि सांगितलं, ही जट आहे, आईनं बोलावलंय. जट कापायची नाही, बोलावणं मोडायचं नाही. आजीच्या सांगण्यात इथं नेहमी एक सुटकेचा सूर यायचा. मार देऊन बदल होत नव्हता, आणि बदल होत नाही म्हणून बापाला चारचौघांत मान वर करता येत नव्हती. देवीचं नाव निघालं आणि दोघांचीही सुटका झाली. मुलाचा मार थांबला. बापाची अब्रू राहिली. किंमत मात्र एकट्या मुलानंच मोजली.

माघातल्या पुनवेला बैलगाड्या सौंदत्तीला निघाल्या. जोगुळभावीच्या पाण्यात अंघोळ झाली, अंगावर लिंबाचा पाला चढला, कपाळभर भंडारा लागला. जुन्या जोगत्यांनी गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं. डोंगरावर 'उदं गं आई उदं'चा गजर चालला असताना पणजीनं आपलं हिरवं लुगडं काढून दिलं, आणि निऱ्या स्वतःच्या हातानं घातल्या. आजी हे सांगताना थांबायची आणि म्हणायची, "आईच्या मनात काय असंल, त्ये तिचं तिला ठाऊक. पर निऱ्या लई नेटक्या घातल्या." आपलं मूल काय आहे हे त्या बाईला मनात कुठंतरी कळलं होतं, असं मला वाटतं. तसं म्हणायला त्या काळात तिच्याकडे देवीशिवाय दुसरी भाषा नव्हती.

गावी परत आल्यावर आक्का घरात राहिली नाही. तिचा मुक्काम देवळाच्या ओवरीत. मंगळवारी आणि शुक्रवारी डोक्यावर जग घेऊन ती दारोदार फिरायची. जग म्हणजे देवीचा मुखवटा, मोरपिसं आणि बांगड्यांनी सजवलेली टोपली. बरोबरचा जोगत्या चौंडकं वाजवायचा, दुसरा तुणतुण्यावर सूर धरायचा. बायका परडीत पीठ-मीठ घालायच्या, पाया पडायच्या, लेकरं पायावर घालायच्या. मूल होत नसलेली सून, तापानं फणफणलेलं पोर, गाभण राहत नसलेली म्हैस, सगळ्यांसाठी आक्काचा भंडारा चालायचा.

कोल्हापूरच्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा मी लहानपणी आजीचं बोट धरून पाहिली. आंबील, घुगऱ्या, वरणं-वांग्याची भाजी, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन बायकांची रांग लागायची. जग घेतलेल्या जोगत्यांना आणि जोगतिणींना गर्दी आपणहून वाट करून द्यायची. त्या वयात मला वाटलं, यांच्यापेक्षा मोठा मान या गावात कुणालाच नसणार.

मानाची ही बाजू थोरांच्या गोष्टींत भरपूर येते. दुसरी बाजू विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मी विचारत गेलो, तशी आजीही सांगत गेली. लग्नात पहिला भंडारा आक्काच्या हातचा, पण पंगतीत तिचं पान नसे. ते मागच्या दारी. तिच्या पायाशी लेकरू घालणारी आई तेच लेकरू तिच्याजवळ बसून राहिलं तर उचलून न्यायची. दुखणंखुपणं आलं की ओवरीतल्या दोघी-तिघीच एकमेकींना बघायच्या. थोरला भाऊ वारला तेव्हा ती खांदा द्यायला पुढं झाली, आणि तिला मागं सारलं गेलं. "जुन्या काळी यांना किती मान होता," असं आजकाल कुणी कौतुकानं म्हणालं की मला हे सगळं आठवतं. मान आठवड्याचे दोन वार होता. उरलेले पाच वार तिचे तिलाच काढायचे होते.

दुसरी गोष्ट आमच्या मास्तरकाकांची. ते निवृत्त शिक्षक, मोडी सहज वाचणारे, कुळकर्ण्यांच्या घरातले. ते सांगायचे की त्यांच्या आजोबांच्या लहानपणी लोक एक आठवण काढत. सुगी झाली की हिजड्यांचा गुरू ठरलेल्या गावांना यायचा. पाटलाच्या ओसरीवर बसायचा. बलुतेदारांना जसं धान्य मोजून देत, तसं त्यालाही त्याचं मोजून देत. मास्तरकाका हाताच्या बोटानं हवेत ओळ काढून म्हणत, "त्याच्यापाशी कागद असायचा. पेशवाईतला."

मला वाटायचं, ही म्हाताऱ्यांची रंगवलेली गोष्ट असेल. पण ती गोष्ट इतिहासाला धरून होती. मराठी राज्यात काही हिजड्यांना गावांमधून पैसा आणि धान्य घेण्याचे हक्क होते, सनदा होत्या, कुठं कुठं जमीनही होती. हे हक्क वारशानं चालत, आणि वारसा रक्ताचा नसे. गुरूकडून चेल्याकडे जाई. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकारांनी पुणे भागातल्या जुन्या सरकारी कागदांवरून याचा अभ्यास केला आणि 1987 साली तो 'मॉडर्न एशियन स्टडीज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा मास्तरकाका हयात नव्हते. त्यांच्या आजोबांनी ऐकलेली ओसरी आणि पुण्याच्या दप्तरातले कागद एकाच व्यवहाराबद्दल बोलत होते.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि हे कागद कंपनी सरकारच्या साहेबांपुढं गेले. पुढच्या काही दशकांत इनामांच्या चौकश्या झाल्या. प्रत्येक इनामदाराला विचारलं गेलं, तुझ्याकडे हे कुठून आलं, आणि पुढं कुणाकडे जाणार. हिजड्यांच्या बाबतीत साहेबांना दोन्ही उत्तरं पटेनात. असल्या लोकांच्या हक्काला सरकारनं आधार का द्यावा, हा त्यांचा पहिला सवाल. चेला हा वारस कसा, हा दुसरा. आधीच्या राज्यानं लिहून दिलेलं असलं तरी मुंबई सरकारनं पाठबळ काढून घेतलं. काल जे मोजून मिळत होतं, त्यासाठी आता हात पसरायची पाळी आली. आणि हात पसरतात म्हणून पुढं त्याच लोकांना नावं ठेवली गेली.

मग 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता. मुलं पळवणं, खच्ची करणं किंवा दंडसंहितेच्या कलम 377 खालचे 'अनैसर्गिक' संभोगाचे गुन्हे यांचा संशय असलेल्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती बायकी कपड्यांत किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसली, चारचौघांत नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तिला दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, अल्पवयीनाचं पालक होता येणार नाही. गुन्ह्याचा संशय पुढं करून आधी कपडे आणि मग वारसा काढून घेतला गेला. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात, वायव्य प्रांत म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूला राबवला गेला.

आमच्या मुलखाशी त्याच्याच जातीचा दुसरा कायदा जोडलेला आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानानं 1329 फसली, म्हणजे 1919 साली, तसाच कायदा केला. हैदराबाद शहरात, आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी, यांची नोंदवही ठेवायची. बायकी वेशात दिसल्यास अटक. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. माझी थोरली आत्या तिकडं दिलेली. तिचे सासरे तरुणपणी हैदराबादला हमाली करत. ते सांगत, की ज्या वाड्यात ते माल टाकायला जात तिथं पाच-सहा जणी राहायच्या. घरात साड्या, बाहेर पडताना सदरा आणि डोईला पटका. "शिपाई दिसला की हातातल्या बांगड्या खिशात जायच्या," असं ते म्हणत. हा कायदा तेलंगणाच्या पुस्तकांत इतका काळ तसाच पडून राहिला, की तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला तो 2023 च्या जुलैमध्ये. निजाम गेला, संस्थान गेलं, राज्यांच्या सीमा दोनदा बदलल्या, तरी ते कलम जिवंत होतं.

गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण कलम 377 राहिलं, आणि 2018 च्या सप्टेंबरपर्यंत परस्परसंमतीच्या नात्यांनाही लागू राहिलं. नोंदवही संपली तरी चौकीतली नजर संपली नव्हती. भाड्यानं खोली नाही, शाळेत टिकणं नाही, नोकरी नाही. मग उरतं ते सिग्नल, रेल्वेचा डबा आणि बाळ जन्मलेल्या घरची बधाई. आक्काची ओवरी त्या मानानं बरी होती, असं मला कधीकधी वाटून जातं, आणि तसं वाटावं लागतं याचाच राग येतो.

या काळोखात आपल्या राज्यातल्या काही जणींनी नावानिशी, चेहऱ्यानिशी उभं राहायचं ठरवलं. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी सभांतून, न्यायालयातून बोलल्या. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे त्यांचं आत्मकथन मराठीत आलं आणि माझ्यासारख्या कितीतरी वाचकांच्या कपाटात जाऊन बसलं. मुंबईत गौरी सावंत यांची 'सखी चारचौघी' ही संस्था 2000 साली उभी राहिली. आई गमावलेल्या एका मुलीला त्यांनी आपलं मानून वाढवलं, आणि आई होण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न त्यांच्या जगण्यातूनच घराघरांत पोचला. दिशा पिंकी शेख यांची मराठी कविता आली. पोट आणि जात सोडून लिंगाबद्दल बोलता येत नाही, हे त्या व्यासपीठावरून ठणकावून सांगत राहिल्या. आक्काच्या पिढीला बोलायला देवी लागली. या पिढीनं स्वतःच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

सरकारी कागदही हळूहळू हलले. 2009 मध्ये निवडणूक आयोगानं मतदारयादीत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा पर्याय दिला. 2011 च्या जनगणनेत देशभरात 4,87,803 माणसं त्या रकान्यात मोजली गेली, महाराष्ट्रात 40,891. आपल्या मुलाची किंवा मुलीची नोंद तशी करायला किती घरं धजावली असतील, याचा विचार केला तर हा आकडा तोकडा असणार हे उघड आहे. पण शून्यावरून इथवर आलो होतो.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी सांगितलं, की आपलं लिंग काय हे सांगायचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. शिक्षण आणि नोकरीत तृतीयपंथीयांना मागास म्हणून संरक्षण द्या. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली. मी तिला वर्तमानपत्रातली बातमी सावकाश वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाटणीचं काय म्हणलंय?"

मी पुन्हा बातमी चाळली. त्यात वाटणीबद्दल काही नव्हतं.

आजी अक्षरशत्रू होती, पण सगळ्या इतिहासाचं मर्म तिनं त्या एका प्रश्नात पकडला होता. पेशव्यांच्या सनदेत जे होतं, साहेबानं जे आधी काढून घेतलं, 1871 च्या कायद्यानं जे मुद्दाम कलमं घालून बंद केलं, ते हेच होतं: स्वतःच्या नावावर काही असणं, आणि ते पुढं कुणाला तरी देता येणं. आक्काच्या माघारी तिचा जग तिच्या चेलीकडे गेला. आमच्या घरातून मात्र तिच्याकडे काहीच गेलं नव्हतं, त्यामुळं परत यायचंही काही नव्हतं.

2019 मध्ये संसदेनं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला; 10 जानेवारी 2020 पासून तो अमलात आला. या कायद्यावर खुद्द या समाजातून कडाडून टीका झाली, आणि ती मला पटते. न्यायालयानं माणसाच्या शब्दावर सोडलेली गोष्ट कायद्यानं पुन्हा जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्यावर नेली. लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली. बाईवर बलात्कार झाला तर शिक्षा कितीतरी कडक आहे, म्हणजे यांच्या देहाची किंमत कायद्यानंच कमी धरली. पण त्या कायद्याचं बारावं कलम मी आजीच्या नजरेनं वाचलं. केवळ तृतीयपंथी आहे म्हणून मुलाला आई-बापांपासून तोडता येणार नाही; कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क त्याला आहे; त्या घरातून त्याला बाहेर काढता येणार नाही. आक्काला देवीला सोडलं तेव्हा, 1936 च्या सुमाराला, हे कलम असतं, तर तिला ओवरीत राहावं लागलं नसतं. घरात राहण्याचा हक्क त्यात आला. घरातला हिस्सा मात्र त्यात नाही. आपला हिंदू वारसा कायदा 1956 चा. तो मुलगा आणि मुलगी या दोनच शब्दांत बोलतो.

उत्तर प्रदेशानं 2020 मध्ये आपल्या महसूल संहितेत दुरुस्ती करून शेतजमिनीच्या वारसांत तृतीयपंथी अपत्याचा उल्लेख उघडपणे केला. ज्या मुलखात 1871 ची नोंदवही आधी उघडली गेली, त्याच मुलखात हे झालं. महाराष्ट्राच्या महसूल कायद्यातही हे तितक्याच स्वच्छ शब्दांत यायला हवं. इथं जमीन हीच माणसाची पत असते, आणि बांधावर ज्याचं काही नाही त्याचं गावात कुणी ऐकत नाही.

गाव मात्र अगदीच बदलत नाही असं नाही. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिलं. त्या वर्षी सरपंच थेट जनतेनं निवडायचा होता. म्हणजे हा कौल बंद खोलीतला नव्हता, गावानं मतं घालून दिलेला होता. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी बाईसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी 2021 मध्ये न्यायालयानं त्यांना बाई म्हणून निवडणूक लढवू दिली, आणि गावानं त्यांना निवडून दिलं. 2022 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना ठेवायला सरकारला भाग पाडलं. ज्याला पाहून बांगड्या खिशात जायच्या, त्याच शिपायाच्या वर्दीसाठी या मुली आता मैदानावर धावत आहेत.

आणि 2021 च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात मंजम्मा जोगती पद्मश्री घ्यायला उभ्या राहिल्या. त्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या. जोगत्यांच्याच परंपरेतल्या, यल्लम्माच्याच. घर सुटलं, भीक मागितली, मरायचा प्रयत्न केला, मग काळव्वा जोगतींकडे नाच शिकल्या आणि पुढं कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. पुरस्कार घेण्याआधी त्यांनी आपल्या पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते दूरचित्रवाणीवर पाहताना मी रडलो. देवीच्या नावानं मिळणारा मान आणि नागरिक म्हणून मिळणारा मान हे दोन्ही त्या क्षणी एकाच माणसाच्या पदरात होते, आणि त्यासाठी तिला आपल्यातलं काहीही लपवावं लागलं नव्हतं.

मला थोरांच्या गोष्टी जपाव्याशा वाटतात त्या एवढ्यासाठी, की या मागण्या परदेशातून आल्या असं म्हणणाऱ्याला त्या उत्तर देतात. आमच्याच मातीत यांचे हक्क लिहिलेले होते, ते आमच्याच डोळ्यांदेखत पुसले गेले, आणि जे पुसायला सरकारं आणि घरं दोन्ही हातभार लावत होती, ते पुन्हा लिहायलाही दोन्ही लागतील. न्यायालय घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकतं. उंबऱ्याच्या आत निर्णय आई-बाप, भाऊ-भावजया, चुलते घेतात. आपलं लेकरू न्यारं आहे असं दिसलं, तर त्याला मारायचं नाही, देवीला सोडायचं नाही, शाळेतून काढायचं नाही. त्यानं सांगितलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर लागावं म्हणून त्याच्याबरोबर कचेरीत हेलपाटे घालायचे. आणि जमीन वाटायची वेळ येईल तेव्हा तलाठ्यासमोर त्याचा हिस्सा भावांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचा. शेतं आज माझ्या पिढीच्या नावावर आहेत, सह्या आमच्या चालतात. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर टाकायचं नाही. ते आमचं आहे आणि आम्ही ते केलंच पाहिजे.